उजवं मडगार्ड

ती गाडी नक्की कोणत्या देशाची, हे मला आजवर कळलेलं नाही. आता विचारायला माणूस उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी त्यालाही ते तेव्हा कळलेलं नव्हतंच. गाडीचे मालक दादासाहेब म्हणायचे, आराखडा एका इंग्रजाचा, इंजिन अमेरिकेचं, बॉडी इटलीची, आणि जोडणी झाली ती आणखी चौथ्याच ठिकाणी. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या आणि तो धंदा बंद पडला. आमच्या आळीच्या गळी हे काही उतरेना. आमच्याकडे टांगा भिंगारचा असायचा, ट्रक मिलिटरीचा असायचा, सायकलसुद्धा अमक्या दुकानातली असायची. चार देशांनी मिळून एक गाडी केली म्हणजे नेमकं काय केलं, यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. समोरच्या शेवंताकाकू म्हणाल्या, ‘‘आईबाप तरी एक हायेत का न्हाई हिला?’’ आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी हसले खरी, पण मलाही तोच प्रश्न पडला होता.

आमचं घर नगरात, तांबटांच्या आळीत. पुढची खोली म्हणजे अण्णांचं कामाचं ठिकाण, मधली झोपायची आणि आईच्या शिवणाच्या मशीनची, मागं स्वयंपाकघर. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर ठोके यायचे. अण्णा हंडा मठारायला बसले की एका लयीत हात चालायचा, आणि हंडा मांडीवर असा हळूहळू फिरायचा की त्याच्या अंगावर सगळीकडे सारख्या टिकल्या उमटत जायच्या. त्या ठोक्यांवर मी पाढे पाठ केले. सत्तावीसचा पाढा मला अजून त्या लयीशिवाय म्हणता येत नाही, आणि पुढे तीस वर्षं पारनेरच्या शाळेत गणित शिकवताना वर्गात माझं बोट टेबलावर आपोआप वाजायचं, मुलं मागं हसायची. घरात चिंचेचा आंबूस वास कायम असे, कारण भांडी चिंचेनंच उजळायची. जेवणात थंडीत हुलग्याचे शेंगोळे ठरलेले. अण्णांना ते इतके आवडायचे की आई आठवड्यातून दोनदा करायची, आणि मला ते अजिबात आवडायचे नाहीत हे मी लग्न होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मग स्टीलची भांडी आली. आधी लग्नाच्या रुखवतात आली, मग दुकानात, मग आमच्याच स्वयंपाकघरात. आईनं स्टीलचा एक डबा घेतला तेव्हा अण्णा दिवसभर बोलले नाहीत. मशीनवर पत्रा दाबायचा आणि भांडं बाहेर काढायचं, त्यात माणसाचा हात कुठंच नाही, हे त्यांना लागायचं आणि पटायचंही. ‘‘मशीन चुकत न्हाई,’’ असं ते सारखं म्हणायचे. तक्रार करताहेत की कौतुक, ते मला कळायचं नाही. हंड्यांची कामं आटली तसे ते गाड्यांचे चेपलेले पत्रे उठवायला लागले. मिलिटरीच्या लिलावातले ट्रक, टेम्पो, एखादी डॉक्टरांची मोटार. शेजारी हसनचाचांचं रंगाचं दुकान होतं. अण्णा पत्रा सरळ करायचे आणि चाचा रंग मारायचे. दोघांचं पटायचं, कारण दोघांनाही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून काम उरकणाऱ्यांचा राग होता. पत्र्याला पोक आलं की हातोडी न उचलता वरून लांबीचा लेप थापायचा आणि रंग फासायचा, ही तेव्हा सगळीकडची रीत. अण्णा म्हणायचे, तसलं काम म्हणजे खरजेवर पावडर लावणं.

ती गाडी आली ती ट्रॅक्टरला बांधून. उसाचा हंगाम होता. नेवाशाकडून येताना वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली, दादासाहेबांनी ब्रेक दाबला, आणि गाडीचं उजवं तोंड बैलगाडीच्या चाकावर आदळलं. बैलांना काही झालं नाही, गाडीवानाला काही झालं नाही, बैलगाडीच्या चाकालासुद्धा काही झालं नाही. चार देशांच्या गाडीचं मात्र उजवं मडगार्ड चुरगळून गेलं. आळीत ती उभी राहिली तेव्हा तिची उंची आमच्या ओट्याएवढी. पुढचं नाक हे एवढं लांब, मागं जेमतेम दोन माणसांची जागा, आणि आत बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. स्टिअरिंग डाव्या बाजूला. आईनं रीतीप्रमाणे भाकरतुकडा ओवाळायला घेतला आणि गाडीभोवती अर्धी फेरी मारून थांबली, कारण पुढची बाजू कोणती याची तिला खात्री होईना. शेवटी तिनं दोन्ही बाजूंनी ओवाळलं.

दादासाहेब म्हणजे नेवाशाकडच्या एका मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव. परदेशात इंजिनिअरिंग शिकले, येताना ही गाडी तिथल्याच कुणाकडून जुनी विकत घेऊन बोटीनं आणली. वय तिशीच्या आत, बोलणं मऊ. मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं की हा पत्रा उठायचा नाही, लांबीच भरावी लागेल. अण्णांनी मडगार्डावर बोटाच्या पेरानं चार ठिकाणी टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘‘उठंल की. पत्रा मेलेला न्हाई.’’ दादासाहेबांना ते वाक्य फार आवडलं. त्यांचा सावेडीत ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना काढायचा बेत होता. सावेडीत तेव्हा नुसती शेतं, संध्याकाळी तिकडे जायचं म्हणजे गावाबाहेर गेल्यासारखं वाटे. परदेशातले पाहुणे कारखान्यात भागीदारी करायला येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं होतं. ‘‘मिस्त्री, हे काम उतरलं तर कारखान्याचे हेडमिस्त्री तुम्ही,’’ ते म्हणाले. ‘‘चाळीस माणसं हाताखाली. कायमची नोकरी.’’

हे मी आतल्या दारात उभी राहून ऐकलं, आणि मला त्यातला एकच शब्द ऐकू आला, तो म्हणजे कायमची. त्या वर्षी मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. मला कॉलेजात जायचं होतं. अण्णांचा विरोध नव्हता, पण हंडे गेलेले, टेम्पोचं काम आज असेल तर उद्या नसेल, आणि आत्यानं श्रीगोंद्याचं एक स्थळ आणून ठेवलेलं. त्या दिवशी जेवताना अण्णा आईला म्हणाले, ‘‘ही नोकरी लागू दे. मग शालीला कॉलेजात घालू. स्थळाचं नंतर बघू.’’ आईनं माझ्या ताटात न मागता तूप वाढलं. म्हणजे माझं सगळं भवितव्य एका मडगार्डाला टांगलेलं. आता हसू येतं. तेव्हा मी रोज शाळेत जाताना त्या गाडीला हात लावून पाया पडायचे.

काम सुरू झालं आणि मी त्यात पडले ती माझ्या मापांमुळे. अण्णांना लिहिता यायचं, पण आकड्यांचा कंटाळा. टेप आईची, शिवणाची. मी गाडीच्या कडेनं सरपटत माप घ्यायचे आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. मडगार्डाची कड जमिनीपासून किती, चाकाच्या मधापासून फुगवट्याच्या टोकापर्यंत किती, दिव्याच्या खोबणीपासून दारापर्यंत किती. डावीकडचा आकडा एका बाजूला, उजवीकडचा दुसऱ्या. अण्णा हातोडी चालवता चालवता विचारायचे, ‘‘शाले, चाकावरचा?’’ आणि मी वही न उघडता सांगायचे. आकडे माझ्या डोक्यात चिकटतात, त्याला माझा इलाज नाही. आमच्या ह्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर मला अजून पाठ आहे, ह्यांना स्वतःला नव्हता.

आठवडाभरात चुरगळलेला भाग वर आला. अण्णांनी आतला काळा डांबरी लेप तापवून खरवडला, आतून लाकडी मोगरी लावून पत्रा फुगवला, बाहेरून हातोडीनं बसवला. हसनचाचा लांबून बघून म्हणाले, ‘‘अण्णा, इसमें तो मला काय काम ठेवलंच न्हाई तुमी.’’ पण मी माप घेतलं तर डावं आणि उजवं जुळेना. चेपलेला भाग ठीक होता. फरक होता तो त्याच्या मागं, जिथं बैलगाडीचं चाक लागलंच नव्हतं तिथं. उजवा फुगवटा डाव्यापेक्षा जवळजवळ पाऊण इंच बसका. दिव्याची खोबण अर्ध्या बोटानं खाली. दारावरची कडसुद्धा डावीकडे जरा जास्त गोल. मी तीनदा मोजलं. अण्णांनी स्वतः दोऱ्यानं मोजलं. मग ते ओट्यावर बसले आणि त्यांनी विडी पेटवली.

त्यांचा हिशोब मला पटला होता, हे आधीच कबूल करते. फॉरेनची वस्तू, म्हणजे मशीनवर दाबलेली. मशीन एक बाजू उंच आणि एक बाजू बसकी करत नाही. तेव्हा हा फरक म्हणजे आधी कधीतरी झालेला अपघात, आणि तिकडच्या कुणा आळशी डेंटरनं अर्धवट सोडलेलं काम. खरवडताना आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा सापडल्याच होत्या. म्हणजे पुरावाही होता. आई मशीनवर ब्लाऊज शिवत होती, ती तिथूनच म्हणाली, ‘‘बायकांचे दोन खांदे कुठं सारखे असत्यात. मी एक बाजू बोटभर जास्तच कापते.’’ अण्णा म्हणाले, ‘‘बाईमाणूस येगळं, गाडी येगळी.’’ तांबटाला दोन्हीकडून सारखं नसलेलं भांडं सहन होत नाही. हंडा फिरवला आणि त्याचं पोट एका बाजूला सुटलेलं दिसलं, तर ते अण्णा गिऱ्हाइकाला देत नसत, पुन्हा भट्टीत टाकत. मग काय, मी वर्तमानपत्रं चिकटवून डाव्या बाजूचा कागदी साचा कापला, आई ब्लाऊजचा कापते तसाच, तो उलटा करून उजवीकडे लावला, आणि अण्णांनी त्या कागदाबरहुकूम उजवी बाजू उठवायला घेतली.

दोन आठवडे लागले. इतकं बारीक काम मी त्यांच्या हातून त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातोडी अशी हलकी पडायची की आवाज बाहेर रस्त्यावर जायचा नाही. काम संपलं तेव्हा कागद दोन्हीकडे असा बसायचा की नख घालायला जागा नव्हती. आळीतली माणसं येऊन बघून गेली. शेवंताकाकूंनी आता तरी ही एका आईबापाची वाटते असं प्रमाणपत्र दिलं. अण्णा खूष होते, त्या दिवशी त्यांनी मला भेळेला पैसे दिले. परवा भाचीनं मला मोबाईलवर तसल्या जुन्या गाड्यांचे फोटो दाखवले. मी चष्मा पुसून पुसून प्रत्येकीचं उजवं मडगार्ड बघत बसले, ती म्हणाली, मावशी, तू काय शोधतेयस. मी म्हटलं, काही नाही गं, जुनी सवय.

राहिलं होतं ते आतला डांबरी लेप पुन्हा द्यायचं. डाव्या बाजूचा जुना लेप भेगाळलेला, तर दोन्हीकडे एकदमच नवा देऊ म्हणून अण्णांनी डावीकडचाही खरवडायला घेतला. मी शाळेतून आले तर ते विटांवर उचललेल्या गाडीखाली पाठीवर पडलेले आणि काहीच आवाज नाही. मला वाटलं झोप लागली. मी वाकून पाहिलं. ते डोळे उघडे ठेवून वर बघत होते. ‘‘हिकडं ये,’’ म्हणाले. मी शाळेच्या पातळानिशी आत सरकले. वर पत्र्याच्या आतल्या बाजूला ठोक्यांच्या रांगा होत्या. एका ओळीत, जवळजवळ, सगळ्या तिरप्या. आमच्या हंड्यावर असतात तशाच. ही बाजू कधी चेपलेली नव्हती, कुणा डेंटरचा हिला हात लागायचं कारणच नव्हतं. म्हणजे हे दुरुस्तीचं काम नव्हतंच. गाडी जन्मली तेव्हाचं होतं ते.

‘‘हातानं केलीया,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आख्खी गाडी हातानं ठोकलीया. आनि ठोके उलटे पडल्यात बघ. हा मानूस डावरा हुता. ही बाजू डावऱ्यानं केली, ती बाजू उजव्या हाताच्या मानसानं. म्हनून दोन्ही येगळ्या.’’ मग त्यांनी मडगार्डाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं छिन्नीनं पाडलेली खूण होती, तीन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ. आमच्या घराण्यात हंड्याच्या काठाखाली दोन टिंबं आणि चांदणी पाडायची पद्धत होती. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, दुसऱ्या तांबटाला दिसते. अण्णा सरपटत बाहेर आले आणि उजव्या बाजूच्या खाली गेले. मी मागोमाग. त्याच कोपऱ्यात त्यांनी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. तिथं पत्रा गुळगुळीत होता. फक्त कडेला एक टिंब अर्धं उरलेलं. ‘‘हितंबी खूण हुती. मला दिसली हुती,’’ ते म्हणाले. ‘‘कुनीतरी छिन्नी घसरवली आसं वाटलं मला. मीच ठोकून बसवली.’’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. अण्णांना रडताना मी पाहिलेलं नव्हतं, अगदी आजी गेली तेव्हाही नाही. आणि खरं सांगते, मला काही समजेना. गाडी सुंदर झाली होती. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. साता समुद्रापलीकडचा कुणी एक माणूस, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्यानं पाडलेली तीन टिंबं गेली तर इतकं काय बिघडलं? मी हे तोंडानं बोलले नाही, पण मनात बोललेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब आले. चाचांनी रंगाची तयारी केलेली, गाडीला करडं अस्तर मारलेलं. दादासाहेबांनी समोर उभं राहून बघितलं, उकिडवे बसून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले की गाडी घेतल्यापासून त्यांना वाटायचं, हिच्या चेहऱ्यात काहीतरी चुकतंय, काय ते कळत नव्हतं. आज चूक दिसत नाही. ‘‘परदेशी कारागिरापेक्षा तुम्ही वरचढ निघालात मिस्त्री.’’

अण्णा म्हणाले, ‘‘साहेब, मी तुमची गाडी बिघडवली. मला पंदरा दिस द्या. व्हती तशी करून देतो.’’

दादासाहेबांना वाटलं अण्णा थट्टा करताहेत. अण्णांनी त्यांना खाली वाकवून डावीकडची खूण दाखवली, ठोके दाखवले, उजवीकडचं अर्धं टिंब दाखवलं. दादासाहेबांनी सगळं नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण पाहुणे चार दिवसांवर आले होते. ‘‘म्हणजे चांगली केलेली गाडी तुम्ही पुन्हा वाकडी करणार?’’

‘‘वाकडी न्हाई. त्याची.’’

‘‘अहो, पण गाडी माझी आहे,’’ दादासाहेब म्हणाले, आणि मग त्यांचाच आवाज खाली आला. त्यांनाही गोंधळल्यासारखं झालं असावं. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते म्हणाले, ‘‘बरं, असं करा. माझे पाहुणे मी दुसऱ्या मोटारीनं आणतो. पण ती पहिली कशी होती, हे आता कुणाला ठाऊक आहे? अंदाजानं करणार असाल तर मी देणार नाही.’’

अण्णा एकदम हलके झाले. ‘‘अंदाज कशाला? मापं हायेत की. शाले, वही आन.’’

मी आत गेले. वही मशीनच्या खणात होती, काडेपेटी आणि बॉबिनांच्या खाली. मी खण उघडला आणि तशीच उभी राहिले. दादासाहेब कितीही मऊ बोलले तरी त्यांच्या तोंडावरची नाराजी मी बघितली होती. केलेलं काम उलटं करू मागणारा मिस्त्री कोण हेडमिस्त्री करील? नोकरी गेली की कॉलेज गेलं, कॉलेज गेलं की श्रीगोंदा. आई चुलीपुढं बसली होती, तिनं भाकरी थापता थापता मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिनं मला काही सुचवलं असं मी म्हणणार नाही. पुढे मी ते खूप वेळा तिच्यावर ढकलून बघितलं, पण ते खरं नाही. मी खण लावला, बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘वही न्हाई. काल रद्दीवाल्याला दिली आईनं, त्यात गेली.’’ रद्दीवाला काल खरोखरच आला होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ‘‘बरं,’’ म्हणाले. मग दादासाहेबांकडे वळून म्हणाले, ‘‘मग ऱ्हाऊ द्या साहेब.’’ दादासाहेबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि माझ्याही. चाचांनी त्याच दुपारी रंगाला हात घातला.

गाडी गेली. फिका निळा रंग, आणि त्यावर ऊन पडलं की बघत राहावं. आळीतली सगळी लहानथोर रस्त्यावर उभी होती. अण्णा हंडा मठारत आत बसले. कुणाचं काम होतं, की नुसताच घेऊन बसले होते, मला ठाऊक नाही. त्या चार दिवसांत ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते. चहा मागत होते, परीक्षेचं विचारत होते. मला तेच सोसेना. ते रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी सुटकेनं खूष आहे की लाजेनं मेले आहे, हे मला एका तासातून चार वेळा वेगवेगळं वाटायचं. वही मी खणातून काढून गोधडीच्या घडीत ठेवली, मग तिथून काढून दप्तरात, मग पुन्हा खणात. जाळावी म्हणून चुलीपर्यंत नेली आणि परत आणली, कारण तिच्यात पुढच्या पानांवर माझी गणितं होती.

पाचव्या दिवशी दादासाहेबांचा निरोप आला की पाहुण्यांना गाडी पसंत पडली, भागीदारी ठरली, मिस्त्रींनी सावेडीत येऊन जागा बघून जावी. आईनं अण्णांचा धुतलेला सदरा काढून दिला. सकाळी गेलेले अण्णा दुपारी जेवायच्या वेळी परत आले. आईनं मुद्दाम शेंगोळे केले होते. अण्णांनी पाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, ‘‘न्हाई म्हनून आलो.’’

आईचा हात परातीतच राहिला. ‘‘काय न्हाई म्हणून आलात?’’

‘‘हेडमिस्त्रीला. ज्याला दुसऱ्याचा हात वळखू आला न्हाई, त्यानं चाळीस मानसांच्या हातावर काय देखरेख करायची? मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हनले इचार करा. मी म्हनलो, केला.’’

आई त्यांना जन्मात बोलली नसेल इतकं बोलली. घरात पोर लग्नाची, हंडे कुणी विचारीना, दारात चालून आलेली लक्ष्मी लाथेनं ढकलली, आणि कशापायी, तर तीन टिंबांपायी. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. आणि ऐकता ऐकता माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी बोलायचं ठरवलं नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, आणि तेही ओरडून, ‘‘मग मी खोटं कशाला बोलले?’’

चुलीत लाकूड तडकलेलं ऐकू आलं. मी तशीच पुढे बोलत राहिले, की वही रद्दीत गेली नव्हती, खणात होती, अजून आहे, मी नोकरीसाठी केलं, आणि तुम्ही नोकरीच सोडून आलात, मग मी हे पाप कशासाठी केलं. बोलताना मी रडत होते आणि मला वाईट कशाचं वाटतंय, खोट्याचं की कॉलेजचं, हे तेव्हाही कळत नव्हतं. खरं तर आजही नीट कळत नाही. कॉलेज पुढे आईच्या मशीनवर झालं. तिनं डोळे फुटेपर्यंत ब्लाऊज शिवले आणि मला बी.एस्सी. केलं, आणि त्या नोकरीबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. दादासाहेब गाडी घेऊन नंतर पुण्याला गेले असं कानावर आलं. तिचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘ठाऊक हाय मला.’’

‘‘कधीपासनं?’’

‘‘तवापासनंच. वही रद्दीत गेली तर गेली. आकडे तर तुझ्या तोंडात असत्यात. तुला सांगायचं असतं, तर तू तितंच उभं ऱ्हाऊन घडाघडा म्हनून दाखवले असते.’’

म्हणजे साहेबांसमोर, चाचांसमोर, एक शब्द विचारला असता तर ती गाडी तिथंच थांबली असती. पंधरा दिवसांत होती तशी झाली असती. ज्यासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना परत करता आलं असतं.

‘‘मग विचारलं का न्हाई मला?’’ मी म्हटलं.

अण्णांनी ताट जवळ ओढलं. ‘‘विचारलं असतं,’’ ते म्हणाले, ‘‘तर तू आजून एकदा खोटं बोलली असतीस.’’